चाळणीवरचा कोंडा

वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात दोन माणसांचं हाडवैर होतं आणि दोघं बसायची मात्र एकाच टेबलाच्या दोन अंगांना. एका अंगाला सूचीकार बाई. दुसऱ्या अंगाला संदर्भ विभागातले ते गृहस्थ, ज्यांना बाकीचे पाठीमागे आणि बाई तोंडावर ‘शंकासूर’ म्हणायच्या. आलेल्या नियतकालिकातला प्रत्येक लेख कोणत्या विषयाखाली लावायचा, हे बाई ठरवणार. डॉक्टर काही विचारत आले की तो लेख शंकासूर शोधून देणार. म्हणजे एकाने ठेवायचं आणि दुसऱ्याने काढायचं. आता ठेवणारा आणि काढणारा यांचं जगात कुठे पटलंय? एका घरातले दोघेजण कात्रीवरून भांडतात, इथे तर लाखभर लेख होते.

त्यात ग्रंथपाल साहेबांनी तेल ओतलं. लेख शोधायचं जुनं सॉफ्टवेअर मोडकळीला आलं होतं. नवीन घ्यायचं तर बाजारात दोन चांगली होती. साहेबांनी दोन्ही चाचणीसाठी आणली, एक बाईंच्या हवाली केलं, दुसरं शंकासूरांच्या, आणि म्हणाले, “दोन्हींना तेच प्रश्न विचारा. कोण काय शोधून देतं ते महिनाभर बघा. मग मीटिंगमध्ये ठरवू.” असा न्याय करणाऱ्या माणसाला काय म्हणावं? कोंबड्यांची झुंज लावून मोकळे झाले.

बाईंचं सॉफ्टवेअर विषयांवर चालायचं. बाईंनी वर्षानुवर्षं जे विषय लावले होते, तेच धरून ते शोधायचं आणि मोजके, नेमके लेख काढून द्यायचं. शंकासूरांचं सॉफ्टवेअर लेखातला शब्द न् शब्द चावून ठेवायचं आणि विचारलं की भसाभसा सगळं ओतायचं. बाईंनी त्याला ‘खादाड’ नाव ठेवलं. शंकासूर काय कमी? त्यांनी बाईंच्या सॉफ्टवेअरला ‘नाकतोडं’ म्हणायला सुरुवात केली, का तर ते प्रत्येक गोष्टीला नाक मुरडतं म्हणून.

चाचणीचे नियम बाईंनी लिहिले. हौस दांडगी. प्रत्येक प्रश्नाला मिळालेल्या लेखांतले कामाचे किती, बिनकामाचे किती, आणि कामाचं असून निसटलं किती, असं मोजायचं. पण पहिल्याच दिवशी बाईंच्या लक्षात आलं की यादीत नको तो पाचोळा येतोय. संपादकाला आलेली पत्रं, छपाईच्या चुका दुरुस्त करणारी शुद्धिपत्रं, दोन-दोन ओळींच्या सूचना. वाचायला गेलं तर त्यात ना उपचार ना निदान. आणि ते सगळं बिनकामाच्या रकान्यात जाऊन बाईंचे गुण खाणार. बाईंनी सॉफ्टवेअरला चाळणी लावली. पत्रं, शुद्धिपत्रं, सूचना बाजूला, फक्त लेख दाखवायचे. यादी कशी धुतल्या तांदळासारखी दिसायला लागली.

“कोंडा काढून टाकला,” बाई म्हणाल्या. “तुम्हीही लावा तुमच्या खादाडाला चाळणी. निदान अपचन तरी होणार नाही.”

“कोंडा आहे हे न वाचता कसं कळलं तुम्हाला?” शंकासूर म्हणाले.

“तुम्ही बसा वाचत. तुम्हाला दुसरं काम काय आहे!”

आणि खरंच, तो माणूस बसला वाचत. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं. बाईंना हसू यायचं.

आता बाईंच्या घरचं सांगायला हवं. बाईंचं म्हणून जे काही घर होतं ते दादाचं होतं. दादा म्हणजे थोरला भाऊ, निवृत्त बस ड्रायव्हर. बाईंनी लग्न केलं नाही. राहायला वेगळी खोली होती, पण जेवायला रोज दादा-वहिनीकडे. ग्रंथालयात ज्यांच्या नुसत्या बघण्याने पोरं गप्प व्हायची, त्या बाई त्या घरात अजून ‘ठमी’ होत्या. वहिनी जिभेने तिखट, हाताने सढळ. बाईंना ‘वन्सं’ म्हणायच्या आणि ताटातलं संपवल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत.

दादाला जुनी साखर होती. डाव्या अंगठ्याला चप्पल लागली, जखम झाली, त्याने महिनाभर कुणाला दाखवली नाही आणि दाखवली तेव्हा पाऊल काळं पडायला लागलं होतं. ग्रंथालयासमोरच्याच इस्पितळात त्याला दाखल केलं. सर्जनने पाहिलं आणि सरळ सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आणि लवकर.

वहिनी म्हणाल्या, “पाय जाऊ दे, माणूस राहू दे.” बाईंना मात्र ते सोसेना. ज्या माणसाने शेवटच्या थांब्यावर रिकामी बस उभी करून आपल्याकडून पाढे म्हणवून घेतले, तो कुबड्यांवर? दुसरी एखादी बाई रडली असती, डॉक्टरचे पाय धरले असते. या बाईंनी काय केलं? जे येत होतं ते केलं. टेबलाशी जाऊन शोधलं. विषय टाकला, पाय वाचवण्याचे उपचार. चोख यादी आली आणि पहिलाच लेख असा की बाई खुर्चीतून उठल्याच. शिरेतून द्यायचं एक औषध. काळे पडू लागलेले पाय, आणि त्यातले बहुतेक वाचलेले. तक्ते, फोटो, सगळं. बाईंनी विरोधातलं काही आहे का तेही पाहिलं. माणूस तसा काटेकोर. यादीत विरोधातला एकही लेख नव्हता.

सकाळी छापलेले कागद घेऊन बाई वॉर्डात शिरल्या तेव्हा वहिनी अंघोळीला आणि डबा आणायला घरी गेल्या होत्या. दादाने सही करून दिली होती. नर्स पायावर शाईने खूण करत होती आणि दादा तिला सांगत होता, “डावाच आहे ना? क्लचचा पाय. घेऊन टाका. आता कोण गिअर बदलतंय!” नर्स हसत होती. दादा खरोखर तयार होता हो. भीती होती, नाही कशाला म्हणा, पण त्याने ती गिळली होती.

बाईंनी सर्जनला बाजूला घेतलं आणि कागद पुढे केले.

सर्जनने वाचले. “हे औषध मी कधी असं वापरलेलं नाही, बाई. मला विचाराल तर मी आजच पाय काढेन.”

“मी पूर्ण शोध घेतलाय,” बाई म्हणाल्या. “याच्या विरोधात काहीही नाही.”

आता हा सर्जन विद्यार्थी असताना त्याच्या प्रबंधाचे सगळे संदर्भ बाईंनी काढून दिले होते. बाईंनी ‘नाही’ म्हटलं म्हणजे नसतं, हे त्या इमारतीत प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याने कागद पुन्हा चाळले. “तुम्ही शोधलंय म्हणता… बरं. बाकीची औषधं चालूच आहेत. त्यात हे देऊन चार दिवस बघू. ताप चढला तर मात्र मी थांबणार नाही.”

“ठमे,” दादा पलंगावरून म्हणाला, “मला जमेल गं बिनपायाचं. उगाच कशाला?”

“दादा, तू गप्प बस. तुला त्यातलं कळत नाही.”

तो गप्प बसला. बहीण शिकलेली. तिच्या शिक्षणापुढे त्याने आयुष्यभर मान तुकवली होती, तशी त्या दिवशीही तुकवली.

वहिनी डबा घेऊन आल्या आणि नवरा अजून पलंगावरच बघून थबकल्या. “अजून नेलं नाही?”

“मीच नको म्हणालो,” दादा पटकन बोलला. “दुसरं औषध देऊन बघणार आहेत.”

“नको म्हणालात? काल तर तयार होतात!” वहिनींचा आवाज चढला. “अहो, डॉक्टर ओरडून सांगतायत आणि तुम्हाला पायाची पडलीय? वन्सं, तुम्ही तरी समजवा ह्यांना!”

वन्सं पांघरुणाची सुरकुती सारखी करत राहिल्या. दादाने असं का सांगितलं, हे त्यांना कळलं होतं. वहिनी संतापल्या तर घर डोक्यावर घेतात, आणि तो संताप बहिणीवर जाऊ नये म्हणून त्याने अंगावर घेतला होता. बाईंनी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलल्या नाहीत. मनात आलं, पाय वाचला की सांगू, कुणाचं डोकं होतं ते. माणसाला मोठेपणाची हाव कुठे सुटते हो, भावाच्या पलंगाशी उभं राहूनसुद्धा!

पहिले दोन दिवस सूज उतरल्यासारखी वाटली. बाई हवेत. त्यांनी हाच प्रश्न मुद्दाम चाचणीतही घातला आणि आपल्या सॉफ्टवेअरला पैकीच्या पैकी गुण दिले.

मग मीटिंगचा दिवस उगवला. साहेब, चार प्राध्यापक आणि भिंतीवर मोठा पडदा. बाईंनी आपल्या याद्या दाखवल्या. स्वच्छ, नेटक्या. प्राध्यापक माना डोलवत होते. शंकासूरांच्या याद्या आल्या तशी खसखस पिकली. पडदा खाली खाली सरकतोय आणि यादी संपतच नाही.

“हसा,” शंकासूर म्हणाले. “हसून झालं की हा प्रश्न बघू. पाय वाचवण्याचे उपचार. बाईंच्या यादीतला पहिला लेख तुम्ही पाहिलात. माझ्याकडेही तो आहे. आता खाली या. अजून खाली. इथे.”

पडद्यावर दोन ओळी होत्या. सदर लेखातील रुग्णांची आकडेवारी बनावट असल्याचे आढळले असून लेख मागे घेण्यात येत आहे. त्या उपचारामुळे अनेकांना उशिरा शस्त्रक्रिया करावी लागल्याची नोंद घ्यावी.

“ही सूचना आहे,” शंकासूर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात महिनाभराचा हिशेब चुकता केल्याचा आनंद होता. “आणि सूचना म्हणजे बाईंच्या लेखी कोंडा! चाळणीने अडवला. म्हणून बाईंच्या यादीत खोटा लेख पहिला आहे आणि तो खोटा आहे हे सांगणारं अक्षर कुठेही नाही.”

बाई पडद्याकडे बघत उभ्या होत्या. पूर्वी, कार्डांच्या काळात, अशी सूचना आली की त्या स्वतः मूळ लेखाचं कार्ड शोधून त्यावर लाल शिक्का मारायच्या. हे सगळं त्यांना येत होतं. येत असून त्यांनी सूचनांचं तोंड बंद करून ठेवलं होतं, गुणांसाठी.

“कधीची आहे ही सूचना?” त्यांनी विचारलं.

“गेल्या वर्षीची.”

बाई तशाच बाहेर पडल्या. मागून साहेब म्हणाले, “अहो बाई, हार-जीत चालायचीच, एवढं काय मनाला लावून घेता!” लोकांना वाटलं, रुसल्या.

अंगण ओलांडून त्या वॉर्डात पोचल्या तेव्हा दादाच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. सकाळी बाई मीटिंगला गेल्यावर ताप झपाट्याने चढला होता. काळं पोटरीच्या वर गेलं होतं आणि वासाने शेजारचा रुग्ण तोंड फिरवून पडला होता. बाईंनी सर्जनला सगळं सांगितलं.  त्याने डोळे मिटले आणि उघडले. मग म्हणाला, “आता मांडीतून काढावा लागेल. विष रक्तात गेलंय. मी खात्री देत नाही.”

तयारी होईपर्यंत बाई पलंगाशी वाकल्या. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या.

“दादा, तो लेख खोटा होता रे. मी नीट बघितलं नाही.”

दादाचे डोळे तापाने लाल झाले होते. त्याने ओठ ओले केले. “असू दे.”

“असू दे काय! तू तयार होतास. मी…”

“ठमे, तिला सांगू नकोस. ती तुला घरात घेणार नाही. मग जेवशील कुठे?”

त्याला आत नेलं. शस्त्रक्रिया झाली, पण तो शुद्धीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

पुढच्या आठवड्यात शंकासूर बाईंच्या खोलीवर आले. चप्पल काढून दारातच उभे. “मला माहीत नव्हतं हो,” ते म्हणाले. “तुमचे बंधू… मला कुणी सांगितलंच नाही.”

“तुम्हाला ती सूचना कधी सापडली?”

शंकासूरांनी मान खाली घातली. “मीटिंगच्या दोन दिवस आधी. मीटिंगसाठी राखून ठेवली होती.”

बाईंना वाटलं, याचा गळा धरावा. तेव्हा दादाचा गुडघा शाबूत होता. पण चाळणी कुणी लावली होती? बाईंनी शंकासूरांना बसायला सांगितलं. शंकासूर खुर्चीच्या कडेला टेकले, आणि थोड्या वेळाने उठून गेले.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर समितीने बाईंचंच घेतलं. गुण जास्त होते ना! बाईंनी लेखी कळवलं की चाळणी काढा. साहेब म्हणाले, “बघू, पण वाचकांना स्वच्छ यादी आवडते.”  पालथ्या घड्यावर पाणी.

आणि वहिनी? वहिनी रडल्या नाहीत. लोक भेटायला येत, डोळ्याला पदर लावत, आणि वहिनी कोरड्या ठणठणीत बसून सांगत, “मी जीव तोडून सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं. पण नाही. पाय हवा होता. बायकोपेक्षा पाय जास्त झाला. घ्या म्हणावं आता दोन्ही!” भिंतीवर दादाचा फोटो लावू म्हटलं तर त्यांनी लावू दिला नाही. त्याचे शर्ट बोचक्यात बांधून दाराशी टाकले. “हट्टी माणूस. जाताना माझा विचारसुद्धा केला नाही,” असं त्या भांडी घासताना, भाजी निवडताना, एकट्या असल्या तरी पुटपुटत.

आणि बाईंचं ताट मात्र वाढून तयार. “जेवा वन्सं. तुम्ही काय कमी धावलात त्यांच्यासाठी? तुमच्यासारखी बहीण मिळाली, पण त्यांना किंमत कुठे होती!”

हा घास कसा उतरायचा? बाई गिळत राहिल्या. रोज यायच्या, रोज ठरवायच्या, आणि रोज दादाचं बोलणं आठवून गप्प बसायच्या. त्यानेच तर सांगितलंय, सांगू नकोस. मेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा? अशी पळवाट मोठी सोयीची असते. वर अन्नही मिळतं.

पण एका संध्याकाळी वहिनी तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाल्या, “वन्सं, खरं सांगू? मला आता त्यांची आठवणच येत नाही. एवढी वर्षं संसार केला, आणि आठवलं की नुसता राग येतो. दुसरं काही येतच नाही.” सूप खाली ठेवून त्या बाईंकडे बघायला लागल्या. “असं का होतं हो?”

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

“वहिनी, दादा हट्ट करत नव्हता. त्याने सही केली होती.”

“कसली सही?”

“पाय काढायची. त्या सकाळी, तुम्ही घरी गेला होतात तेव्हा. पायावर खूणसुद्धा केली होती. मी थांबवलं. मी एक लेख घेऊन गेले, डॉक्टरांना म्हटलं याच्या विरोधात काही नाही. होतं. मी ते पडद्याआड टाकून ठेवलं होतं. तुम्ही माझ्यावर चिडाल म्हणून त्याने स्वतःवर घेतलं.”

वहिनी म्हणाल्या, “तुम्ही तिथेच उभ्या होतात. मी तुम्हाला म्हटलं, समजवा ह्यांना.”

“हो.”

“ते घाबरले होते?”

“होता. पण नर्सला हसवत होता. मला म्हणाला, जमेल मला. मी त्याला गप्प केलं.”

वहिनी उठल्या. बाईंना वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. वहिनी दाराशी गेल्या, तिथलं बोचकं ओढत खोलीच्या मधोमध आणलं आणि गाठ सोडायला बसल्या. गाठ घट्ट होती, सुटेना. मग दात लावले. पहिला शर्ट हाताला लागला तसा त्यांनी तोंडावर घेतला, आणि इतके दिवस जे कुणी ऐकलं नव्हतं ते रडणं त्या घराने ऐकलं. “अहो, मी काय काय बोलले हो तुम्हाला! काय काय बोलले!”

बाई त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढे झाल्या.

“नको,” वहिनी शर्टातूनच म्हणाल्या. “तुम्ही जा वन्सं. मी बोलावलं तर या.”

बाईंनी आपलं अर्धं ताट उचलून मोरीत ठेवलं, हात धुतले आणि चपला घातल्या. जिना उतरताना वरून वहिनींचा आवाज येत होता. त्या नवऱ्याशी बोलत होत्या, थांबत होत्या आणि पुन्हा बोलत होत्या. वहिनींनी त्यांना परत कधी बोलावलं नाही.